मजकुराचा देवनागरी फॉन्ट: कागदावरचा आराखडा आणि थेट पडद्यावरचे काम (प्रकल्प नोंदी)

३ जून २०२४

मराठी गद्याच्या पुस्तकांसाठी, मुख्यतः ११ पॉइंट आकारात सलग वाचला जाईल असा देवनागरी फॉन्ट करण्याचे काम आजपासून हाती घेतले. रेग्युलर (साधा) आणि बोल्ड (ठळक) हे दोन मास्टर, म्हणजे मूळ आराखडे, आम्ही स्वतः काढणार आणि मधले वेट (जाडीच्या पायऱ्या) त्यांच्यापासून संगणकाकडून काढून घेणार, एवढे ठरलेले आहे. पहिली अक्षरे कागदावर काढायची की थेट ग्लिफ्स या फॉन्ट काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, हे मात्र ठरायचे राहिले आहे.

काम दोघांचे आहे आणि दोघांची घडण वेगळी आहे. माझा हात कट निब (सपाट टोकाची निब), बोरू आणि पोस्टर कलर यांवर बसला. माझी सहकारी सुरुवातीपासून पडद्यावरच बेझिए वक्र (संगणकातल्या गणिती वक्ररेषा) ओढत शिकली, आणि तिचे म्हणणे ऐकून सोडून देण्यासारखे नाही. फॉन्ट म्हणजे शेवटी गणिती बाह्यरेषांचा संच असतो. कागदावरचे अक्षर स्कॅन करून त्यावरून पुन्हा बाह्यरेषा ओढावी लागते, म्हणजे एकच अक्षर दोनदा काढले जाते आणि दुसऱ्या वेळी ते नक्कल म्हणून काढले जाते. शिवाय देवनागरीत काना, शिरोरेषा, उभा दंड आणि पोट (अक्षराची गोलाई) हे भाग इतक्या अक्षरांत फिरून येतात, की ते एकदा नीट बांधून सर्वत्र वापरणे तिला तर्काला धरून वाटते. मला असे वाटते की मजकुराच्या अक्षराचा तोल निबेच्या कोनातून आणि हाताच्या गतीतून येतो, आणि आकडे मागाहून घालून तो आणता येत नाही. हा वाद बोलून मिटणारा नाही. म्हणून व, ब, क, म, ल, ह आणि द ही अक्षरे मी कागदावर आणि तिने थेट पडद्यावर काढावीत, आणि नंतर दोन्ही संच एकाच आकारात छापून शेजारी ठेवावेत, असे ठरवले.

१० जून २०२४

कागदावरचे काम सुरू आहे. पाऊस लागल्यापासून कागद दमट झाला असून बोरूची शाई तंतूंतून पसरते, त्यामुळे बोरू बाजूला ठेवून २.५ मिलिमीटरची कट निब घेतली आहे. अक्षराची उंची निबेच्या रुंदीच्या साधारण साडेसहा पट धरली, म्हणजे कागदावरचे अक्षर सोळा मिलिमीटरच्या आसपास येते.

येथे निबेची एक गोष्ट सविस्तर लिहून ठेवतो, कारण पुढचे सगळे मोजमाप तिच्यावर उभे राहणार आहे. देवनागरीचा बोरू रोमन सुलेखनाच्या लेखणीच्या उलट बाजूने तिरका कापलेला असतो, त्यामुळे गोलाईत जाड आणि बारीक भाग रोमन अक्षराच्या उलट ठिकाणी पडतात. ४५ अंशांचा कोन धरला, तर निबेची पूर्ण रुंदी फक्त तिच्या धारेला काटकोनात जाणाऱ्या तिरक्या फटकाऱ्यातच उमटते. उभा दंड आणि आडवी शिरोरेषा यांना त्या रुंदीचा सुमारे ०.७ इतकाच भाग मिळतो. २.५ मिलिमीटरच्या निबेने ओढलेला दंड पावणेदोन मिलिमीटरच्या जवळपास भरतो तो यामुळेच. हे प्रमाण मी कुठे मोजून घालत नाही. निब कोन न बदलता फिरत राहिली की ते प्रत्येक अक्षरात आपोआप येते, आणि म्हणून व, द आणि ह ही तीन वेगळ्या बांधणीची अक्षरेही एका हातची दिसतात.

निब जे देते ते सगळे जसेच्या तसे घेण्यासारखे असते असे मात्र नाही. शिरोरेषा आणि दंड ४५ अंशांत सारख्याच जाडीचे उमटतात, पण आडवी रेषा डोळ्याला उभ्या रेषेपेक्षा जाड भासते, आणि शब्दभर सलग चालणारी शिरोरेषा तर आणखीच जड वाटते. छपाईच्या अक्षरात ती दंडापेक्षा थोडी बारीक ठेवावी लागते. ही दुरुस्ती निबेने करता येत नाही. ती बाह्यरेषेतच करायची आहे.

१४ जून २०२४

सहकारीने पडद्यावरची अक्षरे पूर्ण केली. एम (अक्षर ज्या चौकटीत बसते तिची उंची) १००० एककांचा आहे; शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून पायरेषेपर्यंत (अक्षरे जिच्यावर टेकतात त्या रेषेपर्यंत) ५९० एकक, दंड ६४ आणि शिरोरेषा ५८. मोजमाप स्वच्छ आहे, आणि माझ्या कागदी संचात जी किंचित डळमळ आहे ती यात कुठेही नाही.

दोन्ही संच ११ पॉइंटला छापून भिंतीवर लावल्यावर पहिला ठळक फरक क मध्ये दिसला. तिने व चे पोट काढले, त्यात तिरकी रेघ घालून ब केला, आणि तेच पोट घेऊन उजवीकडे वळण जोडून क केला. कागदावर मी क काढतो तेव्हा दंडाच्या उजवीकडे अजून जायचे आहे हे हाताला आधीच ठाऊक असते, म्हणून डावे पोट आपोआप थोडे अरुंद आणि थोडे वर सरकलेले येते. ब मध्ये पोटाच्या आत तिरकी रेघ येणार असल्यामुळे तेच पोट किंचित रुंद होते. पडद्यावरच्या संचात तिन्ही पोटे एकसारखी राहिली, त्यामुळे क रुंद आणि काळा दिसतो, तर ब मधली पांढरी जागा गुदमरते. "कबीर", "बकाल", "वकील" असे शब्द छापले की ओळीत ठिपके पडल्यासारखे वाटते.

तिने हे लगेच मान्य केले, पण तिचा पुढचा मुद्दाही तितकाच बरोबर आहे: पोट अरुंद करण्याचे काम पडद्यावर दोन नोड (बाह्यरेषेवरचे बिंदू) सरकवून होते, त्यासाठी निब लागत नाही. खरे आहे. प्रश्न एवढाच उरतो की ते सरकवायला हवे हे कोणी सांगायचे. पडद्यावर भाग आयता मिळतो आणि आयता मिळालेला भाग बदलण्यासाठी वेगळे कारण शोधावे लागते. कागदावर प्रत्येक पोट नव्याने काढावे लागते आणि ते सारखे ठेवण्यासाठी वेगळे कष्ट पडतात. फॉन्टला दोन्हींची गरज आहे, पण सुरुवात कोणत्या बाजूने झाली यावर अक्षरांच्या कुळाचा स्वभाव ठरतो.

२१ जून २०२४

आज काम थोडे आणि वाचन जास्त झाले. कागदावर आराखडा काढून मग टाईप करणे हीच जुनी आणि मूळ पद्धत, असे आपण गृहीत धरतो, पण टाईपच्या इतिहासात ती तुलनेने अलीकडची आहे. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्या काळातल्या हातकामात पोलादाच्या दांडीवर अक्षर उलटे आणि प्रत्यक्ष छपाईच्या आकारात कोरले जाई. तो पंच तांब्यावर ठोकून साचा होई आणि साच्यात शिशाचा मिश्रधातू ओतून टाईप पडे. कारागीर कोरतानाच पंच ज्योतीवर धरून काजळी धरवीत आणि कागदावर ठसा उठवून आकार पाहत. अक्षराचा निर्णय त्याच्या खऱ्या मापात, पोलादावरच होत असे.

मोठ्या कागदी आराखड्याची सक्ती यंत्रामुळे आली. अमेरिकेत लिन बॉइड बेंटन यांनी १८८५ मध्ये पंच कोरणाऱ्या पँटोग्राफ यंत्राचे पेटंट घेतले. असे यंत्र मोठा नमुना गिरवून लहान पंच कोरते, म्हणून त्याला आधी मोठा नमुना लागतो. पुढे मोनोटाईपसारख्या कंपन्यांच्या चित्रशाळांत दहा इंची आराखडे तयार होऊ लागले. १९७० च्या दशकात हॅम्बुर्गच्या यूआरडब्ल्यू या कंपनीत पेटर कारोव यांनी इकारुस प्रणाली आणली, तेव्हाही कागदी आराखड्याच्या कडेवर खुणा करून त्या एकेक संगणकात भरल्या जात. १९८६ मध्ये फॉन्टोग्राफर हे सॉफ्टवेअर आल्यावर घरच्या संगणकावर थेट बाह्यरेषा काढणे शक्य झाले.

याचा अर्थ मी असा घेतो की आमच्या वादातल्या दोन्ही बाजू एकेका यंत्राच्या सोयीतून आलेल्या आहेत, आणि वयाच्या मानाच्या आधारे कागदाची बाजू घेणे योग्य नाही. काजळीच्या ठशाने पाहणाऱ्या कारागिराकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे, ती म्हणजे अक्षर ज्या आकारात वाचले जाणार त्याच आकारात त्याचा निवाडा करणे.

२८ जून २०२४

वरच्या नोंदीचा धागा धरून आकाराचा प्रयोग केला. तीच अक्षरे पेन्सिलीने दहा सेंटिमीटर उंचीची काढली, आणि निबेने काढलेली सोळा मिलिमीटरची शेजारी ठेवली. छपाईत ११ पॉइंटचा एम सुमारे ३.८८ मिलिमीटर होतो, म्हणजे आमचे अक्षर प्रत्यक्षात २.३ मिलिमीटर उंच दिसणार. निबेचे अक्षर त्याच्या साताठ पट आहे, पेन्सिलीचे चाळीस पटींहून जास्त.

मोठ्या आराखड्यात मी नकळत अशा गोष्टींवर लक्ष देऊ लागलो ज्या वाचकाला कधीच दिसणार नाहीत: ह च्या शेपटीचे टोक किती अंशांत कापावे, द च्या गाठीत शिरताना रेषा किती बारीक व्हावी. अक्षर देखणे झाले, पण लहान करून पाहिल्यावर द ची गाठ भरून आली आणि ह ची कंबर पायरेषेच्या फार जवळ गेलेली दिसली. सोळा मिलिमीटरच्या अक्षरात असल्या नाजूकपणाला जागाच नसते. निब रुंद असते आणि अक्षर लहान, त्यामुळे आतली पांढरी जागा किती उरते हाच पहिला प्रश्न राहतो.

दहा सेंटिमीटरच्या आराखड्याचे दोष नेमके पडद्यावरच्या कामाचेही दोष आहेत, हे सहकारीच्या लक्षात आले. पडद्यावर एकच अक्षर संपूर्ण खिडकी भरून बसते आणि आपण टोकांना रंधा मारत राहतो. तिने आजपासून खिडकीचे दोन भाग केले असून एका भागात मोठे अक्षर आणि दुसऱ्यात तेच अक्षर असलेली मजकुराची ओळ लहान आकारात सतत उघडी राहते. कागदावरच्या कामासाठी मी दहा सेंटिमीटरची पद्धत पूर्ण सोडली.

८ जुलै २०२४

निबेच्या अक्षरांवरून बाह्यरेषा ओढण्याचे काम झाले. स्कॅन ६०० डीपीआयवर केले आणि ते पाठीमागे फिकट ठेवून नोड हाताने मांडले. आपोआप बाह्यरेषा काढून देणारी सोय वापरायची नाही हे आधीपासून नक्की होते, कारण ती कागदाचा खरबरीतपणा आणि शाईची फूटही आकार समजून शेकडो नोड टाकते. नोड वक्राच्या टोकाच्या बिंदूंवर, म्हणजे जिथे वक्र पूर्ण आडवा किंवा पूर्ण उभा होतो तिथे, आणि शक्य तितके कमी ठेवायचे. व च्या पोटाला बाहेरून आणि आतून मोजकेच नोड पुरतात.

या टप्प्यावर स्कॅन किती पाळायचे याचा निर्णय वारंवार घ्यावा लागला. निबेचा कोन, पोटाची रुंदी, दंडापासून गोलाई कुठे सुटते ती जागा, हे सगळे कागदावरून घेतले. जाडीचे आकडे मात्र सहकारीच्या संचातले घेतले, कारण दंड सर्वत्र ६४ असणे मजकुराच्या रंगासाठी (पानावर शाईची सारखी छटा दिसण्यासाठी) आवश्यक आहे आणि हात ती शिस्त पाळू शकत नाही. जिथे स्कॅन आणि आकडा यांचे पटत नव्हते तिथे ११ पॉइंटची छपाई पाहून ठरवले. ह च्या खालच्या वळणात कागदाचे ऐकले.

२२ जुलै २०२४

ल आणि श यांचे मराठी वळण हा या फॉन्टचा महत्त्वाचा भाग आहे. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या शासन निर्णयात वर्णमालेचे आणि लिपीचे प्रमाणीकरण झाले, आणि त्यात या दोन अक्षरांची मराठी रूपे आहेत. युनिकोडमध्ये हिंदी आणि मराठी ल ला एकच संकेतांक आहे. कोणते रूप दिसावे हे फॉन्टमधील भाषानिहाय नियमाने ठरते. बाजारातल्या अनेक फॉन्टमध्ये हिंदी रूप हे मुख्य धरलेले असते आणि मराठी रूप मागाहून जोडलेले दिसते. आम्ही मराठी रूपे मुख्य ठेवत आहोत.

या दोन अक्षरांनी कागदाची बाजू सर्वांत भक्कम केली. मराठी ल मधल्या दोन पोटांत पांढऱ्या जागेची वाटणी फार नाजूक असते: डावे पोट मोठे झाले तर अक्षर मागे कलते, उजवे मोठे झाले तर पुढे. मी एकाच कागदावर ल ओळीने काढत गेलो. प्रत्येक वेळी पोटांचे नाते थोडे बदलत होते आणि नको असलेली सगळी रूपे डोळ्यांसमोरच राहत होती. त्यातल्या एका सोडून दिलेल्या रूपातली डाव्या पोटाची उंची शेवटी उपयोगी पडली. पडद्यावर जुनी आवृत्ती जपून ठेवता येते, पण ती मुद्दाम उघडावी लागते. नव्या रूपावर काम करताना जुने नजरेच्या कडेला असणे ही सोय मला तिथे मिळालेली नाही. सहकारीनेही श साठी पेन्सिल घेतली. तिने काढलेली श ची गाठ माझ्यापेक्षा मोकळी आहे, आणि तीच ठेवली.

५ ऑगस्ट २०२४

जोडाक्षरे. येथे कागद बाजूला ठेवावा लागला, आणि त्याचे मला जराही वाईट वाटले नाही.

"विठ्ठल", "उद्ध्वस्त", "राष्ट्र", "ब्रह्म", "श्रद्धा", "वाङ्मय" हे शब्द आम्ही कसोटीसाठी निवडले आहेत. ठ्ठ मध्ये एकाखाली एक दोन गोल येतात आणि ५९० एककांची मर्यादा ओलांडून खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडू लागतात. खालचा ठ किती लहान करावा, हे त्या अक्षराकडे एकट्याने पाहून कळत नाही, ओळींमधले अंतर ठरल्यावरच कळते. दंड असलेल्या अक्षरांची अर्धी रूपे दंड काढून तयार होतात, पण त्यानंतर उरलेला भाग पुढच्या अक्षराला कुठे टेकेल हे पुढच्या प्रत्येक अक्षरागणिक तपासावे लागते: न्य, न्म, न्ह, न्व यांत तोच अर्धा न चार वेगवेगळ्या शेजाऱ्यांना सांभाळतो. शिशाच्या टाईपमध्ये, विशेषतः अक्षर आणि मात्रा वेगवेगळ्या तुकड्यांनी तीन पातळ्यांवर जुळवण्याच्या डिग्री पद्धतीत, ही जुळणी कंपोझिटरच्या (टाईप जुळवणाऱ्याच्या) बोटांत होती. आता ती नियमांत लिहून द्यायची आहे, आणि नियम कागदावर चालवून पाहता येत नाही.

ऱ्हस्व वेलांटीचेही तसेच. तिची कमान व्यंजनाच्या दंडापर्यंत पोचली पाहिजे. रि मध्ये ती आखूड हवी, कि मध्ये लांब, आणि स्थि मध्ये त्याहून लांब. आम्ही वेलांटीची अनेक रूपे वेगवेगळ्या लांबीची केली असून कोणत्या अक्षरापूर्वी कोणते यावे याचे गट बांधले. सहकारीने एक कमान काढून बाकीच्या तिच्यावरून ताणून घेतल्या आणि मग प्रत्येकीची जाडी सुधारली. हे काम कागदावर करायचे म्हटले असते तर वेळ गेला असता आणि त्यातून कळले काहीच नसते. वेलांटीच्या कमानीचे मूळ वळण तेवढे निबेने काढलेले आहे.

१९ ऑगस्ट २०२४

शिरोरेषेचा सांधा. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा त्याच्या रुंदीच्या दोन्ही बाजूंना काही एकक बाहेर काढली, म्हणजे शेजारची अक्षरे एकमेकांवर किंचित चढतात आणि पडद्यावर सांध्यात फिकट फट दिसत नाही. या कामात कागदाचा संबंध नाही.

२ सप्टेंबर २०२४

बोल्ड मास्टर सुरू केला आणि पहिल्याच आठवड्यात म ने अडवले. मधले वेट आपोआप निघायचे असतील तर रेग्युलर आणि बोल्ड या दोन्हींत प्रत्येक अक्षराला सारखेच नोड, त्याच क्रमाने असावे लागतात. रेग्युलरमधल्या म ची खालची गाठ उघडी आहे, तिच्यात पांढरी पोकळी आहे. बोल्डमध्ये रेषा जाड केल्यावर ती पोकळी चाळीस एककांवर आली, म्हणजे छपाईत ०.१५ मिलिमीटर, पुस्तकाच्या साध्या कागदावर एवढी जागा शाईने भरून जाणार. भ, थ, श, ध या सगळ्यांपुढे हाच प्रश्न आहे.

गाठ बोल्डमध्ये भरीव करायची तर आतली बाह्यरेषा जाते आणि नोड जुळत नाहीत. गाठ मोठी करायची तर अक्षर खालून फुगते. सहकारी पडद्यावर गाठ थोडी थोडी मोठी करून पाहत होती, पण प्रत्येक पावलाला दोन्ही मास्टर जुळते ठेवावे लागत असल्याने ती मोकळेपणाने मोठी उडी घेऊ शकत नव्हती. मी रेग्युलर म मोठा छापून त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि रुंद निबेने वरून जाड म काढले. निब रुंद केली की हात गाठ काढताना तिची जागाच बदलतो: ती दंडापासून आणखी डावीकडे जाते आणि तिला खाली जोडणारी रेषा सपाट होते. असे केल्यावर पोकळी मोठी न करताही मोकळी राहते, कारण तिच्याभोवतीची गर्दी कमी झालेली असते. हा उपाय आकड्यांत पाहिला तर साधा आहे, गाठ डावीकडे सरकवा एवढाच. तरी तो पडद्यावर सुचला नव्हता, कारण तिथे गाठीची जागा रेग्युलरमधून ठरून आली होती.

ट्रेसिंग पेपरवरचे रूप घेऊन नोड त्याच क्रमाने बसवले. भ आणि थ यांनाही हीच तोड लागू झाली. श ला लागू झाली नाही. त्याची गाठ वेगळ्या दिशेने वळते, आणि तिच्यासाठी वरचा वळसा उघडावा लागला.

१६ सप्टेंबर २०२४

टॅबलेट आणि स्टायलस वापरून कागद पूर्ण टाळता येईल का, असा प्रश्न सहकारीने मांडला होता, म्हणून काही दिवस तसे करून पाहिले. ट्रेसिंगसाठी टॅबलेट उत्तम आहे. थर उघडझाप करता येतात आणि स्कॅनचा टप्पा वाचतो. निबेच्या कामासाठी ते मला पुरेसे वाटले नाही. तिरक्या निबेचा ब्रश सॉफ्टवेअरमध्ये बनवता येतो आणि त्याचा कोनही अचूक राहतो, परंतु काचेवर घर्षण नसल्यामुळे हात वळणावर मंदावत नाही, आणि वळणावरचा तो मंदपणाच द आणि ह यांच्या कमरेला आकार देतो.

लेखणीची कल्पना संगणकात आणण्याचा विचार जुना आहे. संगणकशास्त्रज्ञ डोनल्ड नथ यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मेटाफॉन्ट ही फॉन्ट काढण्याची संगणकीय भाषा लिहिली, तिच्यात अक्षर म्हणजे एका लेखणीचा मार्ग, असेच मांडले होते. दुसरीकडे र. कृ. जोशी यांचे उदाहरण मला नेहमी आठवते. ते आधी सुलेखनकार होते, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवत होते, आणि विंडोज २००० बरोबर जगभर गेलेला मंगल हा फॉन्ट त्यांचा. मंगल पडद्यासाठी होता; त्या काळच्या पडद्यावर अक्षराच्या उंचीला मोजकेच पिक्सेल मिळत आणि आकाराचा निवाडा त्या पिक्सेलवरच करावा लागे. आमचे अक्षर शाईने कागदावर उमटणार आहे. पडद्यासाठी फॉन्ट करायचा असता, तर मी सहकारीच्या म्हणण्याप्रमाणे पडद्यावरूनच सुरुवात केली असती.

७ ऑक्टोबर २०२४

सलग मजकुराचे प्रूफ (तपासणीची छपाई) काढले. रेग्युलर आता जवळपास पूर्ण आहे. पुस्तकाच्या कागदावर, १९ पिकांच्या (सुमारे ८० मिलिमीटरच्या) ओळीत, ११ पॉइंटला, परिच्छेदांमागून परिच्छेद. हा कागद आराखड्याच्या कागदापेक्षा निराळा आहे आणि माझ्या मते या कामात अधिक गरजेचा आहे. आराखड्याशिवाय एखादा चांगला फॉन्ट होऊ शकेल हे मला आता मान्य आहे, प्रुफाशिवाय होणार नाही.

पेन्सिलीने खुणा करत वाचले. ध आणि घ, भ आणि म यांत गोंधळ होत नाही. ध आणि भ यांच्या शिरोरेषेतली खिंड पुरेशी उघडी आहे. ख ची खालची जोड "रव" पासून स्पष्ट वेगळी पडते. ण मात्र ओळीत रुंद दिसतो, आणि मराठीत "पण", "म्हणून", "आणि" हे शब्द इतके येतात की पान तिरके धरले की त्याच्या जागा पांढऱ्या उठून दिसतात. दोन दंडांमधले अंतर १८ एककांनी कमी केले. ळ सुद्धा रुंद वाटला होता, पण तो तसाच ठेवला. मराठीत ळ ला स्वतःचे वजन असले पाहिजे, आणि "काळोख", "सकाळ", "वेळ" हे शब्द अरुंद ळ ने खुरटे दिसतात.

सहकारीने दुसऱ्या प्रुफावर वेगळ्या खुणा केल्या होत्या. दोघांच्या खुणा जिथे जुळल्या ती अक्षरे आधी सुधारली. जिथे जुळल्या नाहीत तिथे दोन्ही पर्याय छापून पुन्हा वाचणार आहोत.

२१ ऑक्टोबर २०२४

ऱ्य आणि ऱ्ह राहिले होते. "दर्या" आणि "दऱ्या", "आचार्यांचा" आणि "आचाऱ्यांचा" या जोड्यांत अर्थ फक्त या एका चिन्हाने बदलतो, म्हणून ते ११ पॉइंटला निःसंशय दिसले पाहिजे. पडद्यावर काढलेले पहिले रूप बारीक होते आणि प्रुफावर शिरोरेषेला चिकटलेल्या डागासारखे वाचले जात होते. मी प्रुफाच्या समासात निबेने ते काढून पाहिले. निब शिरोरेषेखालून निघून उजवीकडे वळते तेव्हा फटकाऱ्याची पूर्ण जाडी वळणाच्या मध्यावर येते आणि टोक पुढच्या य च्या पोटाकडे झुकते. सहकारीने ते स्कॅन न करता, समासातल्या आकाराकडे पाहत थेट ग्लिफ्समध्ये नोड मांडले, मधली जाडी ८२ एकक ठेवली आणि य पासूनचे अंतर "वाऱ्यावर", "साऱ्या", "कुऱ्हाड" हे शब्द टाकून जुळवले. बोल्डमध्ये त्याच नोडांवर मधली जाडी १२० पर्यंत जाते. नव्या प्रुफावर "दऱ्या" पहिल्या वाचनात नीट वाचला गेला. आता ऱ्ह मध्ये ह च्या डाव्या वळणाशी होणारी धडक सोडवायची आहे, आणि तिच्यासाठी हे चिन्ह आठ एककांनी आखूड असलेले दुसरे रूप फाइलमध्ये घालून ठेवले आहे.